कोल्हापूरचा अंदाज, खानापूरचा पाऊस: आठवड्याचं हवामान आपल्या गावापुरतं कसं काढायचं

ऑक्टोबरात शेजारच्या काकांनी भात कापून शेतात आडवं टाकलं. आदल्या रात्री मराठी चॅनेलवर ‘पुढचे चार दिवस उघडीप’ असं सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी उगवतीकडून आभाळ चढलं आणि तासाभरात कापलेलं भात पाण्यावर तरंगायला लागलं. ‘या हवामानवाल्यांना काय कळतंय’ म्हणून काका मोकळे झाले. पण ती बातमी मध्य महाराष्ट्राची होती आणि आपलं बेळगाव जिल्ह्यातलं खानापूर मध्य महाराष्ट्रात येतच नाही.

आपल्या सीमाभागात ही चूक दर हंगामात होते. बातम्या मराठीत ऐकायच्या म्हणून आपण कोल्हापूर-सांगलीचा अंदाज ऐकतो, आणि पाऊस मात्र आपल्या डोक्यावरचा पडतो. मी काही वर्षांपासून आमच्या गल्लीतल्या फळ्यावर खडूने आठवड्याचा अंदाज लिहितो. पहिल्या वर्षी मीही मोबाइलवरचं ढगाचं चित्र बघून लिहायचो आणि लोकांच्या शिव्या खायचो. आता ज्या क्रमाने काढतो तो खाली देतोय. क्रम मोडू नका. मोबाइल या यादीत पाचव्या नंबरवर आहे आणि तो तिथेच राहू द्या.

टप्पा १: आधी स्वतःचं माप बसवा

अंदाज बघण्याआधी पाऊस मोजायला शिका. ‘काल लय पडला’ हे माप नव्हे. मोजल्याशिवाय १५ मिमी आणि ६० मिमी यांतला फरक अंगवळणी पडत नाही, आणि तो पडला नाही तर अंदाजातले आकडे नुसते वाचून होतात.

विकतचा पर्जन्यमापक घेतला तर उत्तमच. नाहीतर थंड पेयाची दोन लिटरची, सरळ अंगाची बाटली घ्या. खांद्याच्या खाली, जिथे अंग सरळ व्हायला लागतं तिथे कापा. वरचा भाग बूच काढून उलटा करून आत बसवा, म्हणजे नरसाळं झालं. बाटलीचा तळ वर-खाली असतो, म्हणून तळात बारीक खडे घाला, ते बुडेपर्यंत पाणी ओता आणि त्या पाण्याच्या रेषेवर शून्य मारा. शून्यापासून वर साधी पट्टी चिकटवा. जिथून पाऊस आत येतो ते तोंड आणि जिथे पाणी साठतं ते अंग, दोन्हींचा व्यास सारखा हवा. तरच पट्टीवरचा १ मिमी हा पावसाचा १ मिमी ठरतो.

१ मिमी पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. गुंठ्याला साधारण १०० लिटर. हा हिशेब डोक्यात ठेवला की आकडे जिवंत होतात.

जागा निवडताना झाड किंवा भिंत जितकी उंच, तिच्या निदान दुप्पट अंतर सोडा. कौलाच्या पन्हाळीजवळ तर अजिबात नको. आमच्याकडे पहिल्या वर्षी बाटली तुळशीवृंदावनाच्या कट्ट्यावर होती. वाऱ्याच्या पावसात घराची आडोशाची बाजू पडायची आणि माप रोज कमी यायचं.

माप रोज सकाळी साडेआठला घ्या, लिहा, पाणी पुन्हा शून्याच्या रेषेवर आणा. साडेआठच का, ते चौथ्या टप्प्यात येईल.

*तपासा:* जुलैत जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला राहत असाल तर बाटली एका रात्रीत भरून वाहू शकते. जोराची झड लागली की संध्याकाळीही एकदा मापून ओता आणि दोन्ही आकड्यांची बेरीज करा.

टप्पा २: आपण कुणाच्या अंदाजात येतो ते पक्कं करा

सगळ्यात जास्त घोळ याच टप्प्यात होतो.

भारतीय हवामान विभागाने देशाचे हवामान उपविभाग पाडले आहेत. बेळगाव जिल्हा ‘उत्तर अंतर्गत कर्नाटक’ या उपविभागात येतो. कोल्हापूर, सांगली ‘मध्य महाराष्ट्रा’त. सिंधुदुर्ग आणि गोवा ‘कोकण-गोव्या’त. निपाणीहून कागल हाकेच्या अंतरावर आहे, पण अंदाजाच्या कागदावर दोन्ही गावं वेगवेगळ्या रकान्यांत. आपला अंदाज बेंगळुरूचं हवामान केंद्र काढतं, मुंबईचं नव्हे.

बेंगळुरूचं पत्रक इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये असतं. म्हणूनच लोक ते बघत नाहीत. पण त्यात फिरून फिरून तेच दहा-बारा शब्द येतात आणि बाजारात कन्नड ऐकणाऱ्याला ते अवघड नाहीत. ‘उत्तर ओळनाडू’ म्हणजे आपला उत्तर अंतर्गत भाग. ‘करावळी’ म्हणजे किनारपट्टी, ती आपली नव्हे. ‘मळे’ म्हणजे पाऊस, ‘हगुर मळे’ हलका, ‘साधारण मळे’ मध्यम, ‘भारी मळे’ मुसळधार. ‘गुडुगु’ म्हणजे गडगडाट, ‘सिडिलु’ म्हणजे वीज. ‘अल्लल्ली’ म्हणजे तुरळक ठिकाणी. ‘ओण हवे’ दिसलं की कोरडं हवामान. हे शब्द एका कागदावर लिहून टीव्हीशेजारी चिकटवा. महिन्याभरात कागदाची गरज उरत नाही.

उपविभागानंतर जिल्हा. पण बेळगाव हा क्षेत्रफळाने कर्नाटकातला सर्वांत मोठा जिल्हा आहे, १३ हजार चौरस किलोमीटरहून जास्त. त्याच्या एका टोकाला मलप्रभेचा उगम असलेलं कणकुंबीचं रान, दुसऱ्या टोकाला अथणीचा कोरडा माळ. कणकुंबीला जुलैच्या एखाद्या दांडग्या आठवड्यात जेवढा पडतो तेवढ्यावर अथणीकर जवळपास वर्ष काढतात. जिल्ह्याला मात्र इशारा एकच मिळतो. म्हणून जिल्ह्यावर थांबू नका, होबळीपर्यंत (तालुक्याखालचा गावांचा गट) उतरा. कर्नाटक राज्य नैसर्गिक आपत्ती निगराणी केंद्र होबळीनिहाय अंदाज आणि रोजच्या पावसाचे नकाशे देतं. त्यांची ‘वरुणमित्र’ नावाची चोवीस तासांची फोन सेवाही आहे. तिथे फोन केला तर जिल्ह्याचं नाव सांगून थांबू नका, होबळी आणि गाव सांगा. ऑक्टोबर २०२४ पासून हवामान विभागाचा ग्रामपंचायतनिहाय अंदाजही सुरू झाला आहे. तो ‘मेरी पंचायत’ ॲपवर दिसतो.

*सावधान:* खानापूर एकच नाही! सांगली जिल्ह्यात विट्याच्या बाजूचा खानापूर तालुका आहे, तेलंगणातही एक खानापूर आहे. मोबाइलमध्ये नुसतं ‘खानापूर’ टाकलं की कुठलं येईल सांगता येत नाही. सांगलीचं खानापूर दुष्काळी पट्ट्यातलं आणि आपलं घाटाच्या कुशीतलं. पिनकोड ५९१३०२ टाका, किंवा नकाशावर बोट ठेवून जागा निवडा. अक्षांश १५.६ च्या आसपास दिसला तर आपलं गाव. १७ ने सुरू झाला तर तुम्ही विट्याचं ऊन बघताय.

टप्पा ३: पाऊस कुठून येणार ते ओळखा

आकडे बघण्याआधी हंगाम कुठला चालू आहे ते स्वतःला विचारा, कारण त्यावरून कुठल्या दिशेला तोंड करून बसायचं ते ठरतं.

जून ते सप्टेंबर तोंड पश्चिमेला. वारा अरबी समुद्रावरून येतो, घाटावर चढताना पाणी टाकतो आणि पूर्वेकडे जाता जाता रिकामा होतो. कणकुंबी, जांबोटी, खानापूर, बेळगाव, बैलहोंगल, सौंदत्ती अशी उतरंड असते. उत्तरेच्या बाजूला निपाणी, चिकोडी, रायबाग, अथणी. आपलं गाव या उतरंडीच्या कितव्या पायरीवर आहे ते एकदा ठरवून टाका. पत्रकात ‘किनारपट्टीला समांतर कमी दाबाचा पट्टा’ असं वाक्य दिसलं की घाटाकडच्या पायऱ्यांवर जोर वाढणार असं धरा. या दिवसांत गोवा आणि सिंधुदुर्गाचा इशारा बघायला हरकत नाही. तो आपला नसतो, पण आपल्याकडे येऊ घातलेला असतो.

मार्च ते मे आणि परत ऑक्टोबरात उलटा प्रकार. काकांचं भात याच्यातच गेलं. वळीव आणि परतीचा पाऊस बहुतेक वेळा दुपारनंतर येतो आणि पूर्वेकडून किंवा दक्षिणेकडून चढतो. पश्चिमेचं आभाळ स्वच्छ बघून माणूस निर्धास्त राहतो आणि पाठीमागून ढग येतो. हा पाऊस पट्ट्यापट्ट्याने पडतो. नंदगडला ओढा वाहतो आणि खानापुरात रस्त्यावरची धूळसुद्धा बसत नाही. बंगालच्या उपसागरात कमी दाब होऊन पश्चिमेकडे सरकतोय असं ऑक्टोबरात ऐकलं तर गोकाक-अथणीच्या लोकांनीही ताडपत्र्या काढून ठेवाव्यात.

हिवाळ्यात पाऊस क्वचितच. पण ढग, धुकं आणि दव यांची नोंद घ्या. निपाणीकडच्या तंबाखूवाल्यांना हे सांगायला नको. वाळत घातलेल्या पानावर अवेळी सर आली की पानावरचा चिकटा धुऊन जातो आणि भाव पडतो.

*तपासा:* तुमच्या कागदावर सगळ्यात वर हंगामाचं नाव आणि दिशा लिहिली का? ‘ऑक्टोबर, परतीचा, पूर्व’ एवढं पुरे.

टप्पा ४: पत्रकातले शब्द शब्दशः वाचा

हवामान विभागाचा प्रत्येक शब्द मोजलेला असतो. आपण तो बोलीभाषेतल्या अर्थाने वाचतो आणि फसतो.

पावसाचं प्रमाण चोवीस तासांवर ठरतं. २.५ ते १५.५ मिमी हलका, १५.६ ते ६४.४ मध्यम, ६४.५ ते ११५.५ मुसळधार, ११५.६ ते २०४.४ अति मुसळधार आणि त्यापुढे अत्यंत मुसळधार. आता ‘मध्यम’कडे बघा. १६ मिमीही मध्यम आणि ६० मिमीही मध्यम! १६ मध्ये जमिनीला ओल येते, ६० मध्ये नव्याने घातलेला बांध फुटतो. म्हणून ‘मध्यम पाऊस’ वाचून बिनघोर होऊ नका, आकडा शोधा.

पसरण्याचे शब्द वेगळे आहेत. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे उपविभागातल्या २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर, ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५० टक्के, ‘बऱ्याच ठिकाणी’ ५१ ते ७५ आणि त्याहून जास्त असेल तर ‘बहुतेक सर्व ठिकाणी’. आपल्याकडे सर्रास होणारी चूक म्हणजे ‘तुरळक ठिकाणी मुसळधार’ हे वाचून ‘थोडासाच आहे’ असं समजणं. तुरळक हे जागेचं माप आहे, पावसाचं नव्हे. ज्या थोड्या ठिकाणी पडेल तिथे धो धो पडेल, असा त्याचा अर्थ.

रंगांचंही तसंच. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. रंग धोक्याचा असतो, पावसाच्या मिमीचा नसतो. वीज आणि सोसाट्याच्या वाऱ्यासाठीही पिवळा लागतो, मग पाऊस चार थेंब का असेना. (शाळेची सुट्टी रंगावरून ठरत नाही, जिल्हाधिकारी ठरवतात. फळ्याजवळ मुलं मला रोज हेच विचारतात, आणि माझ्या उत्तराने त्यांचं समाधान कधीच होत नाही.)

आता साडेआठचं कोडं. हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो. ‘मंगळवारी पाऊस’ असं लिहिलं असेल तर त्यात बुधवारची पहाटही येते. लोक मंगळवारी रात्री दहाला ‘अंदाज चुकला’ म्हणून झोपतात आणि पहाटे चारला कौलं वाजायला लागतात. तुमची बाटलीही साडेआठला मापली तरच तुमचं माप आणि सरकारी आकडा एका रेषेत येतात.

टप्पा ५: आता मोबाइल उघडा

मोबाइलवरचं चित्र कुणी माणूस तुमच्या गावाकडे बघून काढत नाही. संगणकावरचं प्रारूप पृथ्वीवर चौकटी आखतं आणि तुमचं गाव ज्या चौकटीत पडतं तिचा आकडा दाखवतं. चौकट दहा-वीस किलोमीटरची असली तर घाटमाथा आणि सपाटी एकाच चौकटीत सापडू शकतात. मे २०२५ मध्ये हवामान विभागाने सुरू केलेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टम’ची चौकट ६ किलोमीटरची आहे. ही सुधारणा मोठी आहे, पण वळवाचा ढग त्याहूनही लहान असू शकतो.

एका ॲपवर विसंबू नका. ‘विंडी’सारख्या ॲपवर युरोपियन आणि अमेरिकन अशी दोन्ही प्रारूपं एकाखाली एक बघता येतात. दोन्ही एकाच दिवशी, साधारण सारखाच पाऊस दाखवत असतील तर भरवसा ठेवा. एक ५ मिमी म्हणत असेल आणि दुसरं ५०, तर सरासरी काढून २७ लिहू नका. फळ्यावर ‘नक्की नाही’ असं लिहा. ‘नक्की नाही’ हासुद्धा अंदाजच आहे, आणि तो लिहायला धीर लागतो.

टक्क्यांचा अर्थ असा: ४० टक्के शक्यता म्हणजे असे दहा दिवस आले तर त्यांतल्या चार दिवशी पाऊस पडेल. ४० टक्के दिवस भिजेल किंवा पाऊस ४० टक्के जोराचा असेल, असं नव्हे. दिवसाच्या एका चित्रावरून तर काहीच ठरवू नका, तासागणिक आलेख उघडा. बऱ्याच ॲपवर संध्याकाळच्या एका सरीसाठी अख्ख्या दिवसावर थेंबांचं चित्र लागतं, आणि सकाळी फवारणीला मिळणारे सहा कोरडे तास वाया जातात.

*सावधान:* काही संकेतस्थळांवर वेळ ग्रिनिचची असते. तिच्यात साडेपाच तास मिळवा. आमच्या एका मित्राने ‘सकाळी नऊला पाऊस’ बघून सकाळचं काम रद्द केलं. पाऊस अडीचला आला, तेव्हा तो घरात बसून सकाळबद्दल हळहळत होता.

टप्पा ६: आठवड्याचे तीन तुकडे करा आणि लिहा

सातही दिवस एका ठामपणे लिहिणं हीच चूक. पहिले दोन दिवस तासांच्या भाषेत लिहा (‘दुपारी तीननंतर’), तिसरा ते पाचवा दिवस दिवसांच्या भाषेत (‘मंगळवारी जोर’), सहावा-सातवा नुसता कल (‘पाऊस कमी होत जाईल’). सातव्या दिवशी ‘संध्याकाळी पाच वाजता’ असं कुठलंही ॲप दाखवत असलं तरी ते फळ्यावर उतरवू नका.

कुठल्या दिवशी लिहायचं यावरही बरंच अवलंबून असतं. मी आधी रविवारी लिहायचो, सवड असते म्हणून. पण ‘मेघदूत’ ॲपवर येणारा जिल्ह्याचा कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी ताजा होतो, आणि पुढच्या आठवड्यांचा दीर्घ पल्ल्याचा कल हवामान विभाग गुरुवारी देतो. रविवारी मी दोन दिवसांचं शिळं वाढत होतो. आता शुक्रवारी संध्याकाळी आठवडा लिहितो आणि मंगळवारी दुरुस्त करतो.

जुलैतला फळ्याचा नमुना असा असतो:

*खानापूर व आसपास, शुक्रवार संध्याकाळ. हंगाम: मोसमी, वारा पश्चिमेचा.*
*शनि-रवि: सरींवर सरी, २० ते ४० मिमी रोज. रविवारी दुपारी दोन-तीन तास उघडीप मिळेल असं वाटतं.*
*सोम ते बुध: जोर वाढणार, मंगळवारी सर्वांत जास्त. जांबोटीकडे याच्या दुप्पट धरा.*
*गुरु-शुक्र: कमी होण्याचा कल.*
*भरवसा: रविवारपर्यंत चांगला, पुढे मध्यम.*

शेवटची ओळ गाळू नका. ती नसली की लोक गुरुवारच्या ओळीवर मांडव ठरवतात.

टप्पा ७: अंदाज कामाशी जोडा

‘पाऊस पडेल का’ हा प्रश्न अपुरा आहे. माझ्या कामाला किती तास कोरडं हवं, हा खरा प्रश्न.

पेरणीला एक सर पुरत नाही. मृगाचा पहिला पाऊस पडला की हात शिवशिवतात, पण महाराष्ट्राचा कृषी विभाग सोयाबीनसाठी ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्याशिवाय पेरू नका असंच सांगत असतो. इथे तुमची बाटली कामाला येते. मृगापासूनची बेरीज करा आणि पुढच्या पाच दिवसांत मोठा खंड दिसत नाही ना ते बघा. धूळवाफ पेरणीवाल्यांचा हिशेब उलटा. त्यांना पाऊस सुरू होण्याआधी कोरडी माती हवी, म्हणून त्यांनी मेच्या अखेरीस वळवाच्या शक्यतेवर डोळा ठेवावा. जोराच्या एका वळवाने वरची माती दाबली जाऊन पापुद्रा धरते.

फवारणीला पाऊस आणि वारा दोन्ही बघा. साधारण चार ते सहा तास कोरडे हवेत, नेमकी वेळ औषधाच्या लेबलवर असते. आभाळ मोकळं पण वारा ताशी १५ किलोमीटरच्या वर असेल तर औषध शेजारच्याच्या रानात जातं. युरिया टाकायचा असेल आणि मुसळधारेचा इशारा असेल तर दोन दिवस थांबा, नाहीतर पैसे ओढ्याला वाहतात.

भाताच्या कापणीला एक दिवस उघडीप असून भागत नाही. कापणं, वाळणं, बांधणं, खळ्यावर आणणं असे सलग तीन-चार दिवस लागतात. म्हणून ऑक्टोबरात पहिल्या दोन दिवसांचा चांगला अंदाज बघून अख्खं शेत कापू नका. जेवढं दोन दिवसांत उचलून ताडपत्रीखाली घालता येईल तेवढंच कापा. काका आता तसंच करतात, पण माझ्यासमोर कबूल करत नाहीत.

खानापूरच्या आसपास वीटभट्ट्या आहेत, त्यांना पावसाचे मिमी फारसे कामाचे नाहीत. थापलेल्या कच्च्या विटेवर दहा मिनिटांची सर पुरते. आधी कडा गोल होतात, मग वीट बसते आणि सकाळी त्या जागी नुसता चिखलाचा ढिगारा. त्यांनी मार्चपासून दुपारी दोननंतर वळवाची ३० टक्के शक्यता दिसली तरी झाकण तयार ठेवावं. भातवाल्याला ३० टक्के म्हणजे ‘कापू या’, वीटवाल्याला ३० टक्के म्हणजे ‘झाका’. आकडा तोच. पापड-सांडग्यांचं गणितही वीटवाल्यासारखंच.

टप्पा ८: नदीकाठी राहत असाल तर कोल्हापूरही बघा

वर मी कोल्हापूरचा अंदाज बघू नका म्हटलं. डोक्यावरच्या पावसासाठी ते खरं आहे. पुरासाठी नेमकं उलट.

निपाणी-चिकोडीकडच्या वेदगंगा, दूधगंगा आणि पुढची कृष्णा यांचं पाणी महाराष्ट्रात पडतं. वेदगंगेवर पाटगाव धरण, दूधगंगेवर काळम्मावाडी, कृष्णेच्या वर कोयना. भोगावतीवरच्या राधानगरीचं पाणी पंचगंगेतून नृसिंहवाडीला कृष्णेत येतं. तिकडे चार दिवस झड लागली आणि धरणांचे दरवाजे उघडले की चिकोडीत कडक ऊन असतानाही कल्लोळ-येडूर, जत्राट-भिवशी, भोज-कारदगा हे सखल पूल पाण्याखाली जातात. २०१९ आणि २०२१ मध्ये काय झालं ते काठावरच्या माणसाला सांगायला नको.

म्हणून नदीकाठच्यांनी कागदावर दुसरा रकाना काढावा. त्यात कोल्हापूर-सातारा घाटमाथ्याचा इशारा, धरणांचा विसर्ग आणि राजापूर बंधाऱ्यावरून येणारं पाणी रोज लिहावं. एकच आकडा बघून काही कळत नाही, कालच्यापेक्षा वाढला की घटला ते बघा. संकेश्वरवाल्यांनी हिरण्यकेशीसाठी आंबोली-आजऱ्याकडचा पाऊस बघावा, गोकाकवाल्यांनी हिडकल धरणाचा विसर्गही. खानापुरात मलप्रभा मात्र अशी सवड देत नाही. उगम कणकुंबीला, म्हणजे अगदी उशाशी. तिकडे रात्री ओतला की सकाळी नदीघाटाच्या पायऱ्या दिसेनाशा होतात.

*सावधान:* पुलावरून पाणी वाहत असताना ‘गुडघाभरच आहे’ म्हणून गाडी घालू नका. पाण्याखाली रस्ता जागेवर आहे की वाहून गेलाय, हे वरून दिसत नाही.

टप्पा ९: रोज सकाळी दुरुस्ती, दुपारी आभाळ

आठवड्याचा अंदाज एकदा लिहून झाला की संपला असं नाही. सकाळी माप घेताना त्या दिवसाची ओळ नव्याने बघा. वळवाच्या दिवसांत दुपारी बारानंतर हवामान विभागाचा तीन तासांचा तातडीचा अंदाज बघा आणि एकदा बाहेर येऊन वर बघा. कोबीच्या गड्ड्यासारखे ढग उभे वाढत असतील आणि त्यांचा माथा लोहाराच्या ऐरणीसारखा सपाट व्हायला लागला तर मोबाइलला विचारत बसू नका, जनावरं आत घ्या. गोव्याच्या रडारचं चित्र बघता येतं, पण मधे घाट आहे. त्यामुळे आपल्या बाजूचे खालचे ढग त्यात नीट दिसतीलच असं नाही. रडार मोकळं दिसतंय म्हणजे आभाळ मोकळं आहे असं धरू नका.

विजेसाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने केलेलं ‘दामिनी’ ॲप ठेवा. ॲप नसेल तर चमक आणि गडगडाट यांच्यामधले सेकंद मोजा आणि तीनने भागा, तेवढे किलोमीटर वीज लांब. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर पक्क्या घरात जा, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. आंब्याखाली, चिंचेखाली थांबायचं नाही, बैल तिथे बांधायचे नाहीत.

टप्पा १०: वही

एका वहीत चार रकाने: तारीख, मी लिहिलेला अंदाज, बाटलीतलं माप, आणि जुळलं का चुकलं (चुकलं तर फुली). फुल्या लपवू नका. माझ्या वहीत मे आणि ऑक्टोबर फुल्यांनी भरलेले आहेत, जुलै-ऑगस्ट बरेच स्वच्छ. फुल्या कुठल्या बाजूला जास्त पडतात ते बघा. माझा अंदाज जुलैत सतत कमी पडत होता, कारण मी बेळगावचा आकडा धरायचो आणि खानापूर उतरंडीवर एक पायरी वर आहे. ते कळल्यावर पुढच्या जुलैत आकडा वाढवून लिहायला लागलो. तुमच्या गावाची दुरुस्ती वेगळी निघेल, आणि एक अख्खा पावसाळा मोजल्याशिवाय ती हाताला लागत नाही.

वही पेन्सिलीने लिहा आणि प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. माझी पहिल्या वर्षाची वही शाईची होती. खिडकीत राहिली आणि पुनर्वसूच्या एका रात्रीत पावसाने धुऊन नेली. त्या रात्रीचं माप तेवढं बाटलीत मिळालं.